पहिला हात

टप्.

पाण्याच्या रांजणातून खालच्या वाडग्यात थेंब पडला, आणि अंगणात किती शांतता पसरली आहे ते त्या थेंबानं कळलं.

भट्टीचं तोंड नुकतंच उघडलं होतं. माझा नवरा सेनबी गुडघ्यांवर बसून आत वाकला होता. त्यानं जाड फडक्यानं देवीला पायाशी धरून बाहेर काढलं, चटईवर उभं केलं आणि हात मागे घेतला. माझ्या नणंदेच्या हातातली मण्यांची माळ अर्धवट लोंबत राहिली. मामंजी उभे होते ते उभेच राहिले.

निळा रंग उतरला होता, पूर ओसरल्यावर शेतातल्या डबक्यांत आभाळ उरतं ना, तसा. पाणघोड्याचं तोंड, सिंहाचे पाय, पाठीवर मगरीची शेपटी, आणि पुढे दिवस भरत आलेल्या बाईचं पोट. तावेरेत. आम्हा बायकांची, बाळंतपणाची देवी. कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी उंच. एवढं मोठं काम आमच्या भट्टीतून पहिल्यांदाच सबंध निघालं होतं. कुठे तडा नाही, कुठे फोड नाही.

फक्त पोटाच्या ऐन मध्यावर निळा नव्हता. तिथे पांढरं होतं. वेडीवाकडी चार बोटं आणि खाली तळव्याचा अर्धा गोल.

"कुणी हात लावला?" सेनबीनं विचारलं.

विचारलं सगळ्यांना, पण बघितलं माझ्याकडे. माझ्या तोंडाकडेही नाही. माझ्या पोटाकडे.

मला तेव्हा सहावा महिना होता.

आमचं काम कसं चालतं ते आधी सांगते, नाहीतर एका पांढऱ्या डागात एवढं काय होतं ते कळायचं नाही. शेरी, ती कोण ते पुढे येईलच, शेजारी झोपली आहे, ती उठायच्या आत सांगून होईल.

आम्ही मातीचे कुंभार नाही. आमच्याकडे माती फक्त रांजणाला आणि चुलीला. आम्ही दगडाचं करतो. गारगोट्या भाजायच्या, पाट्यावर वाटायच्या, वाटत राहायच्या, पिठासारख्या होईपर्यंत. ते माझं काम. मामंजींच्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं वरचं पेर लहानपणी त्या पाट्यानंच खाल्लेलं. "पाट्याला नैवेद्य दाखवला, म्हणून धंदा चालला," असं ते हसून सांगायचे. त्या पुडीत चुना, तळ्याकाठचा खार आणि तांबटाकडून आणलेला तांब्याचा बारीक कीस. पाणी घालून मळलं की लगदा होतो. पण हा लगदा कणकेसारखा गुणी नाही. ओढला की फाटतो, दाबला की चिरतो, रुसलेल्या पोरासारखा. तो साच्यात बसवायचा आणि सावलीत सुकवायचा. सुकताना पोटातला खार वर येतो. जुन्या भिंतीला लोणा फुटतो ना, अगदी तसा. सगळ्या अंगावर पांढरी मऊ साय.

तो लोणा म्हणजेच पुढचा निळा. भट्टीत तोच वितळतो आणि काच होऊन अंगाला बसतो. वरून आम्ही काही लावत नाही. वस्तू आपला रंग आपल्या पोटातून काढते. म्हणून लोणा फुटला की सुकवणीच्या खोलीत श्वाससुद्धा जपून घ्यायचा. बोट लागलं की तिथला लोणा पुसला जातो, आणि गंमत अशी, की तेव्हा काहीच दिसत नाही. पांढऱ्यावर पांढरं. दिसतं ते भट्टी उघडल्यावर. मामंजी म्हणायचे, "हात लोणा पुसतो, भट्टी नाव सांगते."

त्या दिवशी भट्टीनं नाव सांगितलं नव्हतं. ते माणसांनीच सांगितलं.

कारण देवीच्या पोटाला हात लावणं म्हणजे नुसतं काम बिघडवणं नव्हे. तावेरेतच्या पोटावर पहिला हात ठेवायचा तो जिच्यासाठी देवी केली तिनं. हात ठेवून मागायचं, आणि पहिलं मागणं देवी ऐकते. म्हणून घडवणारे आम्हीसुद्धा तिला साच्यातून काढताना फडक्यानं, पायाशी धरतो. ही देवी धान्यकोठारांच्या अधिकाऱ्यांच्या घरून सांगितली होती. त्यांच्या बायकोला, हेनुतबाईंना, लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर दिवस गेले होते. म्हणजे ह्या देवीचा पहिला हात त्यांचा.

आणि तो कुणीतरी आधीच घेतला होता.

"उष्टी केली देवी," दारातून आवाज आला.

अधिकाऱ्यांचा कारभारी देवी न्यायला आला होता. आम्ही त्याला ओट्यावर बिअरचा घडा देऊन बसवलं होतं, भट्टी निवेपर्यंत. तो केव्हा उठून आत आला कुणाला कळलं नाही.

"अहो, डाग आहे नुसता," सेनबी घाईनं म्हणाला. "लगद्यात कधी कधी खार कमी पडतो..."

"मला बोटं मोजता येतात," कारभारी म्हणाला. "हुयबाबा, तुमच्या घरात ही चोरी?"

हुय म्हणजे मामंजी. त्यांनी तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आता ते कारभाऱ्याला चांगलं सुनावणार. मंदिराच्या पुजाऱ्यालाही त्यांनी एकदा ओट्यावरून खाली उतरवलं होतं. पण ते नुसते देवीकडे बघत राहिले.

"तामित," सेनबी हळूच म्हणाला, "खरं सांग. तू लावलास?"

"नाही."

"रागावणार नाही मी."

"नाही म्हटलं ना! मी त्या खोलीत गेलेसुद्धा नाही."

"दोन गेली आहेत तिची," कारभाऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं माझी नणंद म्हणाली. "बाईचा जीव आहे. मोह झाला असेल."

ती माझ्यापेक्षा मोठी. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली. मी तिला वन्सं म्हणते. मणी ओवता ओवता टोमणे ओवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्या दिवशीचा तो टोमणा नव्हता. ती माझी बाजू मांडत होती. तेच मला जास्त लागलं.

दोन गेली. हो. दोन्ही मुलगे. एकानं जेमतेम डोळे उघडले, दुसऱ्यानं उघडलेही नाहीत. आमच्याकडे एवढ्या लहानग्यांना वाळवंटात पुरायला नेत नाहीत. एका मडक्यात निजवून घरातच पुरतात, आईच्या पायाखाली, म्हणजे त्यांना एकटं वाटू नये. रांजण ठेवला आहे तिथून आतल्या खोलीत जाताना मी पाऊल जरा लांब टाकते. प्रत्येक मडक्यात मामंजींनी एकेक निळा मणी ठेवला होता. दुसऱ्या वेळी मणी ठेवून ते तिथेच बसून राहिले. सेनबीला त्यांना उठवावं लागलं.

"दुसरी करून देतो," मामंजी शेवटी म्हणाले. "पुढच्या भट्टीला. मी स्वतः पहारा देतो."

"द्याल हो. पण बाईसाहेबांना मी काय सांगू?" कारभाऱ्यानं माझ्याकडे बोट केलं. "हिनं यायचं. त्यांच्यासमोर उभं राहून आपल्या तोंडानं सांगायचं, की मी हात लावला. मग त्यांनी माफ केलं तर केलं. नाहीतर ह्या घराकडून मुलूखभर कुणी मणीसुद्धा घेणार नाही, एवढं बघतो मी."

तो गेला. मी मामंजींकडे बघत होते. त्यांनी एकदा म्हणावं, माझी सून खोटं बोलत नाही. एवढंच.

ते भट्टीतली राख उकरायला बसले.

त्या संध्याकाळी कुणी कुणाला हाक मारली नाही. मी भाकरी भाजल्या, कांदे ठेवले, सगळे खाली मान घालून जेवले. जेवण झाल्यावर मामंजी हात धुवायला उठले. त्यांचे हात राखेनं माखलेले होते. पाणी काढताना आधारासाठी त्यांनी उजवा हात रांजणाच्या पोटावर टेकला. वयानं त्यांचे गुडघे दुखायचे, ते नेहमीच असा हात टेकायचे. पाणी घेतलं, हात धुतला, वळले.

ओल्या रांजणावर राखेचा ठसा उमटला होता.

दोन बोटं वर. तिसरं खूप खाली, पेरभर तोकडं. चौथं पुन्हा वर.

मी भाकरीची परडी हातात घेऊन उभी होते. माझी नजर रांजणावरून कोनाड्यात ठेवलेल्या देवीकडे गेली आणि परत आली. दोन वर, एक खाली, एक वर. सकाळी सगळ्यांनी तो ठसा पाहिला होता. सेनबीनं पाहिला, कारभाऱ्यानं तर बोटं मोजली. पण जे आधीच ठाऊक आहे ते बघायला माणूस वाकत नाही.

मी पाहतेय हे मामंजींनी पाहिलं.

त्यांनी कमरेच्या वस्त्राचा सोगा ओढला आणि रांजण पुसला. सावकाश, नीट, जसा ते साचा पुसायचे तसा. माझ्याकडे न बघता ते बाहेर निघून गेले. तेव्हा मला आठवलं. भट्टी लावायच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले होते.

"तामित, चिमूटभर पूड दे. डोळ्यात घालायच्या काजळासारखी बारीक वाटून. तांबं जरा जास्त घाल."

"आता कशाला मामंजी? सगळं तर साच्यातून निघालं."

"दे गं. म्हाताऱ्याला प्रश्न विचारू नयेत."

मी हसत हसत वाटून दिली होती. तो डाग बुजवायची पूड मीच वाटली होती, आणि ती भट्टीत टिकली नाही. इतकी वर्षं भट्टीपुढे काढलेल्या माणसाला ती टिकणार नाही हे ठाऊक नसेल? ठाऊकच असणार. लोण्याला हात लावला की काय होतं हे त्यांनीच तर आम्हाला शिकवलेलं. मग का लावला? मी खूप विचार केला आहे. मला वाटतं, ते लावायला गेलेच नसतील. देवी सुकली का ते बघायला गेले असतील. तिच्या पोटाकडे बघत उभे राहिले असतील. आणि हात आपसूक गेला असेल.

रात्र पडायच्या आत वन्सं माझ्या केसांना तेल लावायला बसल्या. ही त्यांची माझ्यावर माया करायची रीत. तोंडानं त्यांना कधी जमलं नाही.

"उद्या जाशील ना?" त्या म्हणाल्या.

"मी केलेलं नाही वन्सं."

त्यांचा हात थांबला. पुन्हा चालू झाला.

"बाईची चूक घरात मावते, तामित," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "चार दिवस तोंड फिरवतील, पुढे विसरतील. पण कारागिराची चूक गावात मावत नाही. उद्या लोक म्हणाले, की हा म्हातारा दुसऱ्यांच्या देवींचे पहिले हात स्वतःच खातो, तर आजवर त्यानं घडवलेल्या सगळ्या देवी उष्ट्या ठरतील. ज्यांच्या घरी काही वाईट झालं ते सगळे इथे दारात येतील."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला..."

"मला काही माहीत नाही. मला मणी ओवता येतात," त्या म्हणाल्या, आणि माझं डोकं धरून पुन्हा पुढे वळवलं.

सेनबीला कळलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मुलगा बापाच्या हाताकडे बघत नाही. त्या हातानं केलेल्या कामाकडे बघतो.

सकाळी मी आणि मामंजी निघालो. कालव्याच्या बांधानं जायचं. ते पुढे, मी मागे. दोन्ही बाजूंना ओली काळी जमीन, बगळे उतरलेले, लोक पेरणीला वाकलेले. एरवी कुणीतरी हाक मारलीच असती, "काय हुयबाबा, कुठे दौरा?" त्या दिवशी माणसं वाकलेलीच राहिली. गावात बातमी आमच्या आधी पोचली होती.

खजुरांच्या रांगेपाशी मामंजी थांबले.

"पोरी," ते म्हणाले. मला त्यांनी तोवर कधी पोरी म्हटलं नव्हतं. "तामित. मला तुला..."

त्यांनी उजवा हात डाव्या मुठीत आवळून धरला होता. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना. आपल्या घरातल्या मोठ्या माणसाला उघडं पडलेलं बघावं लागतं, तेव्हा लाज त्याला वाटते त्याहून जास्त आपल्याला वाटते. त्यांनी ते शब्द उच्चारले असते तर मला पुढे आयुष्यभर त्यांच्या ताटात भाकरी वाढताना ते ऐकू आले असते.

"चला मामंजी," मी म्हणाले. "ऊन चढतंय."

मी पुढे झाले. उरलेला रस्ता ते माझ्या मागून चालले.

हेनुतबाई मागच्या अंगणात, वेलींच्या मांडवाखाली बसल्या होत्या. पाय सुजलेले, पाण्याच्या परातीत सोडलेले. माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या. मी त्यांना दुरून मिरवणुकीत पाहिलेलं, केसांच्या टोपाखाली, काजळाखाली. आता त्यांच्या डोक्यावर टोप नव्हता, काजळ पुसटलेलं होतं, आणि त्या कुठल्याही पोटुशी बाईसारख्या थकलेल्या दिसत होत्या.

"उन्हात का उभी केलीत तिला?" त्या कारभाऱ्याला म्हणाल्या. "इकडे ये गं. तुलाही दिवस गेलेत की."

"बोल," कारभारी म्हणाला.

अंगणात दासी होत्या, पाणक्या होता, एक म्हातारी भाजी निवडत होती. सगळे थांबले. मामंजी माझ्या बाजूला उभे होते. त्यांचा उजवा हात वस्त्राच्या घडीत दडलेला होता.

"मी हात लावला," मी म्हणाले.

माझे कान असे पेटले, की मला माझाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. मी ते केलं नव्हतं. पण त्या माणसांसमोर ते शब्द तोंडातून निघाले आणि केल्यासारखंच वाटलं. अजून वाटतं.

भाजी निवडणारी म्हातारी थुंकली.

हेनुतबाईंनी परातीतले पाय जरा हलवले. मग म्हणाल्या, "काय मागितलंस?"

मी खाली परातीतल्या पाण्याकडे पाहिलं.

"हात ठेवलास ना? मग काहीतरी मागितलं असशील. काय मागितलंस?"

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी काहीच मागितलं नव्हतं. पण कुणीतरी मागितलं होतं. ते कुणीतरी माझ्या शेजारी उभं होतं, आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता. त्या खोलीत, त्या पांढऱ्या देवीपुढे उभं राहून त्या माणसानं काय म्हटलं असेल?

"हे तरी राहू दे," मी म्हणाले. "एवढंच म्हटलं."

मामंजींच्या घशातून आवाज आला. खोकल्यासारखा.

"हे तरी," हेनुतबाई म्हणाल्या. "म्हणजे आधी..."

"दोन, बाईसाहेब."

त्यांनी आपल्या पोटावर हात ठेवला. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. पण त्या म्हणाल्या, "मग तिथे उभीच होतीस तर माझ्यासाठीही मागायचंस की गं. शब्दभरच जास्त लागला असता."

त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत. म्हणूनच ते अजून मनातून जात नाही.

दुसरी देवी मामंजींनी घडवली. सुकवणीच्या खोलीच्या दारात ते स्वतः निजले, कुणाला फिरकू दिलं नाही. पहिलीपेक्षा निळी निघाली. हेनुतबाईंनी तिच्यावर पहिला हात ठेवला, धूप जाळला, सगळं रीतीप्रमाणे झालं.

पेरलेलं पीक कमरेएवढं आलं तेव्हा त्यांना मुलगा झाला आणि त्याच दिवशी गेला.

कापणीला मला मुलगी झाली. ती रडली. पहिल्याच क्षणी, कालव्यापलीकडे ऐकू जावं अशी रडली. सुईणीनं तिला माझ्या छातीवर ठेवलं, आणि मला एवढा आनंद झाला, की मी तोंड भिंतीकडे फिरवलं. बाहेर मामंजी बसले होते. वन्संनी दारातून ओरडून सांगितलं, "मुलगी! आणि फुप्फुसं आत्यासारखी आहेत!" थोड्या वेळानं पाट्याचा आवाज यायला लागला. त्या वेळी वाटायला काहीच नव्हतं. मामंजी रिकामा पाटा घासत बसले होते.

आम्ही तिचं नाव शेरी ठेवलं, चिमुकली. गावानं दुसरं नाव ठेवलं.

तोंडावर कुणी काही म्हणत नाही. हेनुतबाईंनी माफ केलं होतं, त्यामुळे माल खपत राहिला. पण मी नदीवर घडा घेऊन गेले की बायका आपले घडे जरा बाजूला सरकवतात. बाळंत होऊ घातलेल्या पोरींना त्यांच्या आया माझ्या सावलीतून ओढून नेतात. आणि पोरं तर पोरंच. मोठ्यांनी दाराआड जे बोलायचं ते पोरं रस्त्यात ओरडतात. शेरीला ती उष्टी म्हणतात.

पहिली देवी आमच्या कोनाड्यातच राहिली. फोडायचं पाप कोण करणार? तिचं पोट भिंतीकडे आहे. कुणी फिरवून ठेवली ठाऊक नाही. झाडताना मी तिला उचलते, धूळ पुसते आणि तशीच ठेवते.

मामंजी शेरीवर जीव टाकतात. तिच्यासाठी निळे उंदीर करतात, निळे बेडूक, कान हलणारं निळं गाढव करायचा प्रयत्न केला आणि ते भट्टीत फुटलं तर आठवडाभर हळहळले. पण तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा तर डाव्या हातानं. तिला घास द्यायचा तर डाव्या हातानं. बाहेरची माणसं म्हणतात, म्हाताऱ्याचा उजवा हात धरला असेल. त्या हातानं ते अजून आमच्या सगळ्यांपेक्षा सुबक साचा भरतात. त्या खजुरांच्या रांगेपाशी अडलेलं वाक्य त्यांनी पुन्हा कधी सुरू केलं नाही. मीही कधी विचारलं नाही. आम्ही एकमेकांशी फार प्रेमानं वागतो, आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाही.

हे सगळं असंच चाललं असतं. पण काल दुपारी शेरी नदीवरून गुडघा फोडून घेऊन आली.

"कुणी ढकललं?" मी विचारलं.

"कुणी नाही." मग नाक ओढून म्हणाली, "त्यांनी खेळायला घेतलं नाही. म्हणतात, तुझ्या आईनं देवीला हात लावला आणि तुला चोरून आणली. म्हणून मी उष्टी."

मी तिचा गुडघा धूत होते. धूत राहिले.

"कुठली देवी गं आई? ती कोनाड्यातली?"

"पाय सरळ कर."

मी फडकं पिळायला वळले तेवढ्यात तिनं घडवंची ओढली, वर चढली आणि देवीला पोटाशी धरून खाली उतरवलं. जमिनीवर ठेवली. फिरवली. पोटावरचा पांढरा हात उजेडात आला. इतक्या वर्षांत मी तो उजेडात पाहिला नव्हता.

"अय्या!" ती म्हणाली. रडणं विसरलीच. स्वतःचा पंजा त्यावर ठेवून बघितला, तो पार बुडाला. "आई, हात दे तुझा."

"शेरी, ठेव ते," मणी ओवणाऱ्या वन्संनी मान वर न करता म्हटलं. त्यांचा दोरा मात्र थांबला होता.

"थांब ना आत्या. दे आई."

तिनं माझा हात ओढून ठशावर ठेवला. माझी बोटं लांब आहेत. तिसरं बोट त्या खालच्या खुणेच्या कितीतरी पुढे गेलं. तिनं ते वाकवून बघितलं, मागे ढकललं, पुन्हा वाकवलं.

"हे बोट बसत नाही," ती हिरमुसून म्हणाली. "नीट ठेव ना."

मामंजी रांजणापाशी सावलीत बसून लगदा मळत होते. त्यांचं मळणं थांबलेलं मला ऐकू आलं. शेरी देवीला दोन्ही हातांनी कवटाळून, ठेचकाळत त्यांच्याकडे गेली.

"आजोबा, तुमचा द्या."

त्यांनी डावा हात पुढे केला.

"हा नाही. तो."

मला धावत जाऊन तिला उचलायला हवं होतं. मी हातातलं ओलं फडकं पिळत राहिले. मामंजींनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग, त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच, सरळ माझ्याकडे. उजवा हात त्यांनी वस्त्राला पुसला आणि तिच्या हवाली केला, एखादी वस्तू द्यावी तसा. तिनं तो उचलून देवीच्या पोटावर ठेवला. दोन बोटं वर. तोकडं बोट खाली. करंगळी वर. तळवा त्या अर्ध्या गोलात जाऊन बसला.

पांढरं काहीच उरलं नाही. हाताभोवती सगळीकडे निळं होतं.

"बसला!" शेरीनं टाळ्या पिटल्या. मग तिच्या कपाळाला एवढीशी आठी पडली. तिनं आजोबांच्या हाताकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे वळली.

"आई, हात तर आजोबांचा आहे. मग सगळे तुझा का म्हणतात?"